हॉइटची जागा

आमच्या जुन्या गाण्यातून हॉइटची गिटार तुम्ही रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी पुसून टाकलीत आणि वर नव्या रेकॉर्डच्या पाकिटावर छापलंत, 'आवाज स्वच्छ केला आहे'.

त्र्याहत्तर साली मेकनच्या स्टुडिओत आम्ही ते गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा त्यात दोन गिटारी एकमेकींना उत्तर द्यायच्या. एक माझी, दुसरी माझ्या थोरल्या भावाची. मेंदूला झटका आल्यापासून हॉइटला बायकोचं नाव आठवत नाही, पण गाण्यातली आपली जागा पक्की ठाऊक आहे. म्हणून तुमची नवी आवृत्ती मी वृद्धाश्रमात नेली.

रेकॉर्डमधली माझी गिटार थांबली. हॉइटने आपली जागा वाजवायला पांघरुणावर बोटं टेकवली. पण त्याच्या जागी नुसते ड्रम वाजत राहिले.

"चुकलो रे, व्हर्लन. परत लाव."

"तू नाही चुकलास, दादा."

"गप. तू लहानपणापासून खोटारडा. लाव."

मी मूर्खासारखं तेच गाणं सात वेळा लावलं. शेवटी तो म्हणाला, "माझ्या जागी दुसरा कुणी घ्या. मला नाही जमत आता." आणि त्याने हात पांघरुणाखाली घातले. ते तो अजून बाहेर काढत नाही. मक्याची पेजसुद्धा नर्स भरवते.

करारावर त्याची सही नव्हती म्हणून त्याची गिटार काढलीत, की कुणाच्या कानाला खुपली म्हणून? मला लेखी उत्तर द्या.