काठावरचं नाव

मानसिंगरावांच्या शिवांजलीचं लग्न जमलं, ते साल १९९४. मित्रांनो, मी त्यांच्या घरातला एक जुना पितळी वाडगा आहे. माझा जन्म मात्र इराणातल्या इस्फहानचा. तिथल्या कारागिराने माझ्या अंगावर वेलबुट्टी कोरली, काठावर फारसी अक्षरांची एक ओळ काढली आणि प्रत्येक अक्षराच्या खोबणीत चांदीची तार ठोकून बसवली. हे भांडं ज्याच्या घरी असेल तो सुखी राहो, एवढंच त्या ओळीत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या मोठ्या लढाईत शिवांजलीचे आजोबा हंबीरराव पलटणीबरोबर तिकडे गेले होते. एका म्हातारीला आपला लोकरी स्वेटर देऊन त्यांनी मला घेतलं. मग रहिमतपूरच्या घरात मी पन्नास वर्षं शेंगदाणे सांभाळले. माझ्या नक्षीकडे कुणी बघत नसे, पण मी रिकामाही कधी राहिलो नाही.

लग्न ठरल्यावर हंबीररावांनी सांगितलं, वाडगा नातीला द्यायचा. शिवांजलीची आई साळूबाई काळजीत पडली. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात आणि माझ्या काठावर तर आधीच कुणाचं तरी नाव! तासगावची सासरची माणसं म्हणतील, दुसऱ्याचा आहेर फिरवला. तिने मला गुंडा तांबटाकडे नेलं आणि ते नाव घासून टाकायला सांगितलं.

कानस फिरली. दोन अक्षरं गेली. आता मी नुसतं पितळ उरणार, असं मला वाटलं. तेवढ्यात तार उचकटली आणि गुंडाचा हात थांबला.

"आवं वयनी, ह्ये नाव न्हाई, चांदी हाय. नाव घालाया मला दोन मिन्टं लागत्यात. ह्यो गडी म्हैनाभर बसला असंल."

"मग लिवलंय काय?"

हंबीरराव काठी टेकत मागोमाग आलेच होते. साळूबाईने त्यांनाच विचारलं.

"मला तरी कुठं वाचाया येतंय?" ते म्हणाले. "पन्नास वर्सं ह्यातलं शेंगदाणं खाल्लं, कवा पोट दुखलं न्हाई. चांगलंच लिवलं असंल."

साळूबाईला हसू आलं, तरी तासगावकरांची धास्ती जाईना. तेव्हा हंबीरराव गुंडाला म्हणाले, "बुडाला माझं नाव घाल गड्या, मोठ्या अक्षरात. त्यास्नी त्येवढं वाचता येतंय."

अशी माझी बाकीची ओळ वाचली. आता तासगावात माझ्यात बेदाणे असतात. शिवांजली मला मऊ फडक्याने पुसते, चिंच लावत नाही. मित्रांनो, जुन्या भांड्यावरचं लिहिलेलं तुम्हाला कळलं नाही, तरी खरवडू नका. कळणारं माणूस कधीतरी घरी येतं.

हंबीररावांना तसं माणूस काही भेटलं नाही. ते १९९७ सालच्या पौषात वारले.