गुणाजीकाकांचे क्यूब

चौदा महिन्यांत आमच्या साइटवर एकही क्यूब फेल झाला नाही. याचा मला अभिमान होता. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत चढते आहे. चाळकऱ्यांची घरं त्यातच. सहाव्या मजल्यावर आमचं, शेजारी गुणाजीकाकांचं. मी, संघमित्रा, या साइटची क्वालिटी इंजिनीअर. काका गिरणी सुटल्यापासून मिळेल ते करत आले, आता माझ्या हाताखाली क्यूब भरतात. गाडीतून आलेल्या काँक्रीटचे सहा इंची ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि मशीनमध्ये दाबून फोडायचे. ठोकळा दमदार निघाला की खांबही दमदार, असं धरून वरचा मजला चढवायचा. "काकांच्या हाताला यश आहे," असं मी गणपतीत चारचौघांत म्हणाले होते.

त्या दिवशी सहाव्या मजल्याचे खांब भरायचे होते. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून अडीच तास उशिरा आली. माल घट्ट झालेला, म्हणून पंपवाल्याने सरळ गाडीच्या ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडला. पाण्याने काँक्रीट कमजोर होतं, मी गाडी परत पाठवा म्हणाले. प्रोजेक्ट मॅनेजर ध्रुव हसला.

"मॅडम, आपला क्यूब कधी फेल झालाय का? होऊन जाऊ द्या."

मी तणतणत क्यूबच्या शेडमध्ये गेले. एरवी मी तिथे भरताना कधी जात नसे, फोडताना जायची. काकांनी घमेल्यात तोच पाणचट माल घेतला होता. वरचं पाणी ओतून टाकलं, बाजूच्या गोणीतून तीन मुठी कोरडं सिमेंट घातलं, थापीने कालवलं आणि साच्यात एकेक थर मन लावून ठोकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, हे काय करताय?"

"नेहमीचाच गो. पोराक परीक्षेक पाठवताना आंघोळ घालतो की नाय?"

"परीक्षा क्यूबची नाही, खांबाची आहे. खांबाला घातलं का सिमेंट?"

ते गोंधळले. "तू येवच्या आधी पायाचो पहिलो क्यूब फेल गेलो तेव्हा सायब म्हणालो, तुझो हात बरोबर नाय, घरी बस. मग मी हात बरोबर केलो."

चौदा महिने. मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं की ठोकळा फोडतात कशासाठी. पंप बंद करायला मी धावले, तोवर गाडी रिकामी झाली होती. मग मी ड्रमच्या तळातला उरलेला माल खरवडून, त्यात काही न घालता, सहा क्यूब भरले आणि त्यांच्यावर लाल खूण केली.

अठ्ठावीस दिवसांत वर आणखी दोन मजले चढले. मी रोज ध्रुवशी भांडले आणि तो रोज म्हणाला, "रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्ट आला. तीस ताकदीचं काँक्रीट हवं होतं. काकांचे क्यूब अडतीसला फुटले. माझे एकोणीसला.

"काकांचे लावा रिपोर्टला," ध्रुव म्हणाला. "तुमचा हात बसलेला नाही. तळातला माल, त्यात नवीन माणूस, क्यूब असे फुटतातच."

काका मशीनपाशी माझ्या क्यूबचा चुरा चिमटीत घेऊन उभे होते. तो बोटांत भुगा होत होता.

"हिचो हात बरोबर हा," ते म्हणाले. "खोटो माझो. पहिल्या मजल्यापासून सगळे क्यूब मी सिमेंट घालून भरलंय. लिवा, मी सही करतंय. आणि आधी माझ्या घरातलो खांब ड्रिल मारून बघा."

मी क्यूबचं रजिस्टर उघडलं, लाल पेन घेतलं आणि पहिल्या मजल्यापासून एकेक पान रेघ मारून रद्द करत गेले. काकांच्या सहीला जागाच नव्हती. प्रत्येक पानावर "माझ्यासमोर भरले" असं छापलेलं होतं आणि त्याखाली माझी सही होती.