बाहीवरची राख

कोळवणच्या सभामंडपात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. भातकापणी उरकली होती. बाहेर जिपांची रांग लागली होती, आणि फार्महाऊसवर आलेली पुण्याची मंडळीसुद्धा मोबाइल उंचावून उभी होती. व्यासपीठावर स्वानंद महाराज मुलींच्या अंगातली शक्ती मोजत होते.

"मुलीच्या देहात शक्तीचा साठा ठरलेला असतो, माउली. तो धावण्यात उधळला, तर मातृत्वाला काय उरणार? ही क्वांटम ऊर्जा आहे. डॉक्टरांच्या यंत्रात ती सापडत नाही, कारण यंत्राला भक्ती नसते."

मागच्या खांबाला टेकलेल्या नलिनीनं दात आवळले. स्त्रिया आणि क्रीडाविज्ञान यांचा इतिहास हा तिचा विषय. विद्यापीठात बावीस वर्षं ती तेच शिकवत होती. ठरलेल्या साठ्याचं हे वाक्य तिनं शंभर वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय पुस्तकांतून उतरवून घेतलं होतं आणि ते कसं खोटं ठरलं यावर प्रबंध लिहिला होता. तो वाचला कुणी, तर याच विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी. इथं मात्र तेच वाक्य भगवी शाल पांघरून टाळ्या घेत होतं.

ती आली होती लीलाबाईंची मुलाखत घ्यायला. सत्तरी ओलांडलेल्या लीलाबाई शाळेत असताना धावण्यात तालुक्यात पहिल्या यायच्या. पंधराव्या वर्षी एका डॉक्टरनं सांगितलं, पोरगी धावली तर गर्भाशय सरकेल. तिथंच धावणं संपलं. आज मुलाखत अर्ध्यावर टाकून लीलाबाईच नलिनीला मंडपात घेऊन आल्या होत्या, कारण त्यांची चुलत नात गौतमी महाराजांपुढं उभी राहणार होती. गुरुवारी तिची जिल्ह्याची शर्यत होती. महाराज हो म्हणाले तरच पाठवायचं, असं तिच्या वडिलांनी, किशोरनं ठरवलं होतं.

गौतमीनं उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला. महाराजांनी तिच्या डाव्या हातात तिचे धावायचे बूट दिले, आपला तळवा भस्मात बुडवला आणि तिचा आडवा हात दाबला. हात लटकन खाली आला. मंडप हळहळला. मग बुटांच्या जागी मंतरलेलं तांब्याचं कडं दिलं. पुन्हा भस्म, पुन्हा दाब. हात जागचा हलला नाही.

"बूट शक्ती खातात, कडं शक्ती राखतं," महाराज म्हणाले. किशोरनं हात जोडले.

गौतमी रडवेली होऊन खाली आली. "आजी, मी दोन्ही येळंला सारखाच जोर लावला व्हता."

नलिनीचं लक्ष तिच्या निळ्या ट्रॅकसूटच्या बाहीकडं गेलं. बाहीवर राखेचे दोन पंजे उमटले होते. एक मनगटावर, दुसरा कोपराच्या वर, खांद्याकडं. इतका वेळ आपण डोक्यात संदर्भग्रंथ चाळत होतो, आणि उत्तर सातवीच्या विज्ञानात होतं, याचा तिला स्वतःचाच राग आला. गौतमीला घेऊन ती व्यासपीठावर चढली.

"महाराज, परत करा. फक्त दोन्ही वेळा मनगटावरच दाबा."

"शंकेखोर माणूस जवळ असला की ऊर्जा येत नाही, ताई."

"मग मी करते. किशोरभाऊ, वर या."

भाताची पोती उचलणारा किशोर हात आडवा करून उभा राहिला. नलिनीनं त्याला कडं धरायला दिलं आणि मनगटावर भार टाकला. हात खाली गेला. मग बूट दिले आणि कोपराच्या वर तितकाच भार टाकला. हात हलला नाही. पाठीमागं कुणीतरी हसलं.

"दार कडेला ढकललं की सहज हलतं, बिजागरीपाशी ढकललं की जड जातं," नलिनी म्हणाली. "खांदा ही बिजागरी. पोरीच्या बाहीवरची राख बघा, कुठं कुठं दाबलंय ते."

"हे विज्ञान झालं, आम्ही अध्यात्म सांगतो," महाराज म्हणाले. आणि निम्मी गर्दी तरीही विक्रीला मांडलेल्या कड्यांच्या टेबलाकडं सरकली. नलिनीला ओरडावंसं वाटलं. तिनं आवाज मुश्किलीनं खाली ठेवला.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जाऊन एकमेकांचे हात दाबून बघा. आणि धावल्यानं गर्भाशय सरकत नाही, हे कधीच तपासून झालंय."

"पर बाई, पोरीला काय झालं तर?" किशोरनं विचारलं. त्याची भीती खोटी नव्हती.

उत्तर लीलाबाईंनी दिलं. "मला बी असंच भ्या घातलं व्हतं. त्या डॉक्टराला आमच्यातल्या कुणी इचारलंच न्हाई, कशावरनं म्हणतोस. तू तरी इचार."

"बघू," किशोर म्हणाला.

विद्यापीठाच्या समित्यांकडून बावीस वर्षं ऐकलेला तो शब्द. नलिनी चिडूनच पुण्याला परतली.

गुरुवारी दुपारी किशोरचा फोन आला.

"चौथी आली. पैली आलेली पोरगी दुसऱ्या तालुक्याची हाय. तिचा मास्तर तिला काय खायला घालतो, इचारू का त्याला?"

"विचारा," नलिनी म्हणाली. "आणि तो जे सांगेल, ते कशावरून, तेही विचारा."