चिंध्यांच्या खोक्यावर

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुमचा अंगठा आधी माझ्या काळ्या काठावर जाईल. तो रंगवलेला नाही. मी पेल्याखाली ठेवायची लाकडी चकती आहे. तुम्ही मला कोस्टर म्हणता. गरम चहाचा डाग टेबलावर पडू द्यायचा नाही, एवढेच माझे काम. पण ते काम सुरू होण्याआधीच, मी जिथे बनले त्या घरात जे घडले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

पूर्वी मी एका सागवानी पलंगाच्या पायात होते. पलंग मोडला, तेव्हा सुताराने चांगल्या फळ्या उचलून नेल्या आणि तो पाय स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत पडून राहिला. घरात माणसे दोनच. एक म्हातारे बाबा, ज्यांनी उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली होती. दुसरी त्यांची मुलगी. ती दवाखान्यात नर्स होती आणि सगळी आळी तिला सिस्टर म्हणत असे. रागावले की बाबाही तिला सिस्टरच म्हणत.

दिवसभर लोकांची दुखणी पाहिल्यावर सिस्टरच्या हातांना काहीतरी वेगळे हवे असायचे. एका सुट्टीत तिने करवत आणली आणि काकडी चिरावी तशा त्या पायाच्या गोल चकत्या पाडल्या. बाबा काठी टेकून दारात उभे होते.

"यावर तुझी आई झोपायची. आता चहा झोपणार," ते म्हणाले.

सिस्टर हसली. मग तिने पॉलिशपेपरने आम्हाला घासले, बारीक पटाशीने अंगावर पानांची वेल कोरली आणि शेवटी चिंधीने जवसाचे तेल चोळले. दुकानदाराने ते सुटेच दिले होते. बाटलीवर नाव नव्हते की सूचना नव्हती. तेल लागताच माझा रंग मधासारखा झाला. इतकी सुंदर मी पुन्हा कधी दिसले नाही.

सिस्टर टापटिपीची. काम संपले की पसारा तिला बघवत नसे. तिने तेलाने ओल्या झालेल्या सगळ्या चिंध्या चुरगळून पुठ्ठ्याच्या एका खोक्यात कोंबल्या, त्यावर केरातला भुसा ओतला, झाकण दाबले आणि आम्हाला वाळायला त्या झाकणावरच मांडले. खोक्याशेजारी गॅसचे भरलेले सिलिंडर उभे होते. "बाबा, ओल्या आहेत, हात लावू नका," असे बजावून ती दुपारच्या पाळीला निघून गेली.

घर शांत झाले. बाहेरच्या खोलीत बाबा रेडिओ ऐकत होते. गॅलरीत ऊन येत नसे, तरीही माझ्या खालच्या अंगाला ऊब लागू लागली. आधी ती सुखाची वाटली. मग ती वाढत गेली. खोक्याच्या आत काहीतरी कुसकुसत होते. जळकट वास सुटला होता, पण एका मोठ्या आजारपणानंतर बाबांना वास येतच नसे. आणि मला, मित्रांनो, तोंड नव्हते.

बाबांना चहाची तल्लफ आली. नवी चकती वापरून बघायचा मोह लहान मुलासारखा त्यांनाही आवरला नाही. ते टेकत टेकत गॅलरीत आले आणि त्यांनी मला उचलले.

"तापली कशी ही?" ते स्वतःशीच पुटपुटले.

मी होते त्या जागी पुठ्ठा तपकिरी पडला होता. त्यांनी झाकण उचलले आणि आत वारा शिरताच भडका उडाला. मी त्यांच्या हातून निसटून खोक्यालगतच पडले. तेव्हाच माझा काठ जळाला. मी एवढेच पाहिले, की दोन पावले चालायला काठी लागणाऱ्या त्या माणसाने काठी टाकली आणि ते पेटते खोके उघड्या हातांनी सिलिंडरपासून दूर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ओढत नेले. मग रांगत बाहेर जाऊन त्यांनी दार लावून घेतले आणि शेजारच्या शिंप्याला हाका मारल्या. शिंपी बादल्या घेऊन धावत आला. गॅलरी काळी झाली, पण घर वाचले.

संध्याकाळी सिस्टरने वडिलांच्या तळहातांना पट्ट्या बांधल्या. तिचे हात सराईत होते, चेहरा मात्र दगडासारखा. बाबांनी पूर्वी विड्या ओढल्या होत्या, हे शिंप्यालाही ठाऊक होते आणि तो ते बोलूनही गेला होता.

"खरं सांगा बाबा. पुन्हा सुरू केलीत ना?"

"नाही."

"मग आग काय आपोआप लागली?"

बाबांनी सांगून पाहिले, की चकती आधीच तापलेली होती. तिने ते कानाआड केले. त्या दिवसापासून काड्यापेटी कुलपात गेली. ती कामावर जाताना शिंप्याची बायको येऊन बाबांवर लक्ष ठेवू लागली. पुढे एकदा सिस्टर फोनवर कुणाला तरी वृद्धाश्रमाबद्दल विचारत होती. तिने आवाज खाली आणला होता, तरी बाबांना ऐकू गेले. मला त्यांनी आपल्या उशाशी ठेवले होते. ते माझ्यावरून बोट फिरवत बसत.

शिंप्याचे उपकार फेडावेत म्हणून सिस्टरने उरलेल्या लाकडाच्या आणखी चकत्या केल्या. सकाळी त्यांना तेल लावले आणि चिंध्या पुन्हा चुरगळल्या. या वेळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. झाकण नुसते टेकवून तिने डबा भिंतीशी ठेवला. तेलाचा तो गोडसर वास आला आणि माझ्या जळक्या काठात धस्स झाले.

बाबांनी खुर्ची ओढली, मला मांडीवर घेतले आणि डब्यावर हात ठेवून बसले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. दारात उभी राहून सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. म्हातारपणाने यांचे डोके फिरत चालले, असेच तिला वाटत असावे.

बऱ्याच वेळाने बाबांनी तिला बोलावले.

"हात ठेव."

"बाबा, जेवण गार होतंय."

"ठेव तर."

तिने हात ठेवला. दवाखान्यात कितीतरी तापलेली कपाळे तिने चाचपली होती. डबा तसाच तापला होता. तिने झाकण काढले, तशी चिंध्यांच्या मधून धुराची एक बारीक रेघ वर आली. काड्यापेटी कुलपात होती, घरात विडी नव्हती; वाळताना हे तेलच तापते आणि चुरगळलेल्या बोळ्यात ती उष्णता कोंडून राहते. तिने सगळा डबा पाण्याच्या बादलीत पालथा केला. आत चर्र झाले.

ती बादलीजवळ खाली बसली. मग तिने बाबांचे दोन्ही तळहात ओढून घेतले आणि त्यावरच्या नव्या, गुळगुळीत कातडीवर कपाळ टेकले.

"चल, वाढ आता," बाबा म्हणाले. "भूक लागलीय."

त्यानंतर त्या घरात तेलाची चिंधी कधी चुरगळली गेली नाही. सिस्टर ती आधी पाण्यात भिजवते, मग उलगडून बाहेर मोकळ्या वाऱ्यावर एकेकटी पसरते.

मित्रांनो, घरी लाकडाचे काही जरूर बनवा. टाकाऊ तुकड्याला रूप द्या, आम्हाला त्यात आनंदच आहे. पण काम झाले की चिंध्यांकडे वळून बघा. आणि घरातले म्हातारे माणूस काही सांगत असेल, तर त्याला खोटे ठरवण्याआधी एकदा हात लावून पाहा. कारण तुम्ही हे वाचत असताना, कुठल्या तरी टापटिपीच्या घरात, झाकणाखाली एक बोळा हळूहळू तापतो आहे. आणि त्याच्यावर वाळत ठेवलेल्या चकतीला ओरडता येत नाही.