पाठ केलेली उत्तरं

दर तिसऱ्या आठवड्याला धाकट्या भावाला मेंदूला द्यायच्या विजेच्या शॉकसाठी दवाखान्यात न्यायचं, हे ताईनं अकरा वर्षं आपल्याकडून एकही खाडा न करता केलं होतं. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा दुवा जन्मतःच तयार झाला नव्हता. ते कळलं मात्र विशीत, खाणंपिणं सोडून तो ताठ होऊन भिंतीकडे बघत बसला तेव्हा. औषधं देऊन देऊन डॉक्टरांनी हात टेकले. मग शॉक सुरू झाले. चौथ्या शॉकनंतर त्यानं पाणी मागितलं आणि ताई ढसाढसा रडली. पण त्या भिंतीची धास्ती तिच्या मनात बसली ती बसलीच.

भूल दिलेली असते, त्यामुळे शॉक दुखत नाही. आठवणी मात्र झिजू शकतात. म्हणून दर खेपेला आधी नर्स कागदावर उत्तरं टिपत तेच दहा प्रश्न विचारायची: वार कोणता, आई कधी गेली, सोबत कोण आलंय. एकदा त्याची तीन उत्तरं चुकली, तर डॉक्टरांनी शॉक महिनाभर पुढे ढकलला. ढकलल्यापासून अठराव्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हापासून ताईनं वाकडी वाट धरली. बाहेरच्या बाकावर बसवून ती त्याच्याकडून उत्तरं घोकून घ्यायची. सहा वर्षं झाली, गडी दहापैकी दहा. नर्स कौतुक करायची आणि ताई खुशाल हसून घ्यायची.

आजही दहापैकी दहा मिळाले. दोघं बाकावर नंबराची वाट बघत बसले होते.

"तुम्ही छान शिकवता," तो हळूच म्हणाला. "पण माझी ताई आली तर तिला मी इथं आहे असं सांगाल ना?"

चेष्टा करतोय मेला, असं तिला वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

"मग मी कोण रे?"

"माझी ताई," तो चटकन म्हणाला आणि लगेच ओशाळला. "असंच सांगायचं ना?"

तो आपल्याला कधीपासून ओळखत नाही, हे विचारायचा ताईला धीर होईना, तरी तिनं विचारलं.

"इथं तर पहिल्यापासून तुम्हीच येता. ती एकदाही आली नाही."

हे शॉकनं झालं की आजारानं? ज्या कागदांवरून डॉक्टरांना ते सांगता आलं असतं, ते तिनंच खोटे करून ठेवले होते. आता खरं बोललं तर शॉक थांबणार, आणि शॉक थांबले तर काय होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

नर्सनं त्याचा नंबर पुकारला. ताई उठून दारात गेली.

"आज नेऊ नका त्याला. सहा वर्षांची ती सगळी उत्तरं माझी आहेत."

नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली. ताई बाकाशी परतली, तर शेजारच्या जागेवर त्यानं आपला स्वेटर पसरून ठेवला होता.

"ही ताईची जागा आहे," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

ती उभीच राहिली.