सुखाची झोप

बबनरावांनी ऑक्सिजन मशीनचं बटण एकवरून चारवर फिरवलं आणि बायकोच्या नाकातली नळी सारखी केली. जन्मभर चुलीत कपाशीची वाळली पराटी जाळून विमलताईंच्या फुप्फुसांचं मातेरं झालं होतं. एकच्या वर नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण समोर माणूस तडफडत असताना हवा मोजूनमापून द्यायची, हे बबनरावांच्या मनाला काही पटेना.

घटकाभरात विमलताईंचा डोळा लागला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, गालांवर लाली आली. बबनरावांना भरून आलं. त्यांनी टीव्ही बंद केला, भेटायला आलेल्या व्याह्यांनाही दारातूनच परत पाठवलं.

सून अर्पिता चहा घेऊन आली.

"उठवू का आईले?"

"झोपू दे वं. किती दिसानं झोपली थे."

चहावर साय धरली तशी अर्पिताला राहवेना. तिनं हाका मारल्या, खांदा हलवला. विमलताईंनी डोळे किलकिले केले, कधीच वारलेल्या आपल्या आईशी काहीतरी पुटपुटल्या आणि पुन्हा मान टाकली.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घाईघाईनं तोंडावर श्वासाच्या मशीनचा मास्क चढवला.

"आतली खराब हवा यांना बाहेर टाकता येत नाही. ऑक्सिजन जास्त झाला, की ती रक्तात आणखी साठत जाते आणि गुंगी येते. ही झोप नव्हती, बाबा. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर माणूस गेलं असतं."

बबनराव भिंतीला टेकून उभे राहिले. अर्पिता त्यांच्याकडे बघत होती.

विमलताई घरी आल्या, आणि धापही त्यांच्यासोबत आली. झालं काय ते त्यांना सांगायची कोणाची छाती झाली नाही.

"त्या दिवशी... लय झोप लागली मले," एका दुपारी त्या म्हणाल्या. "माय जवळ बसली होती. तुमी काय केलतं? तसंच करून द्या ना."

"काई नाई केलतं."

"खोटं नोका बोलू. द्या ना."

बबनरावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"नाई जमत मले."

"येवढंबी होत नाई तुमच्याच्यानं," म्हणत विमलताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या पाठीचा भाता वरखाली होत राहिला. बबनराव ती धाप ऐकत बसले. जरा हळू झाली, की जीव घाबरा व्हायचा त्यांचा.