माझा आवाज कुणी तपासलाच नाही

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, जुना म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच बजावून ठेवतो. या घरात मला ऊठसूट भंगार म्हणतात आणि माझं डोकं तापतं.

माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत घरांचे नकाशे काढण्यात गेली. "हा कधी अडत नाही," असं कौतुक व्हायचं. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. तिथं काम करणाऱ्या ताईनं मला आपल्या आजोबांसाठी घरी आणलं.

आजोबांनी जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. आता त्यांना अक्षर दिसत नाही. रोज सकाळी ते एक बटण दाबायचे आणि मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. वाक्य चुकलेलं असलं की ते मलाच दरडावायचे, "हे कुणी लिहिलं रे?" तो ओरडाही मला गोड वाटायचा.

पण माझी मूळ प्रणाली जुनी झाली, मी रखडू लागलो. मग ताई आणि तिच्या मामानं माझ्यावर लिनक्स नावाची दुसरी, हलकी प्रणाली घालायचं ठरवलं. लिनक्सचे प्रकार ढीगभर! पेनड्राइव्ह लावून एकेक प्रकार माझ्यावर चालवून पाहणं सुरू झालं. ताईच्या आवडत्या प्रकाराला माझं वायफायच ओळखता येईना. ते ठणठणीत होतं हो. त्याला चालवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅमच त्या प्रकारात नव्हता. पण खापर फुटलं माझ्यावर.

"भंगार आहे हे," मामा म्हणाला.

"मामा, तुझ्या प्रकारात तरी पडद्याचा उजेड कुठे कमी-जास्त होतोय?" ताई फणकारली.

दोघांची जुंपली. शेवटी तिसऱ्या प्रकारात वायफाय लागलं, उजेड जमला, कॅमेराही चालला. मामानं गाणं लावून पाहिलं आणि मान डोलावली. "आवाज एक नंबर!" त्यानं तोच प्रकार माझ्यात कायमचा बसवला.

गाणं त्यानं हेडफोनवर ऐकलं होतं, मित्रांनो! तो हेडफोनशिवाय काही ऐकतच नाही. या प्रकारात माझा स्पीकर मुका आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्या अगदी जवळ कान आणून बसले. मी आतून जीव तोडून वाचत होतो, पण बाहेर शब्द फुटेना.

"आजोबा, ऐकू येतंय ना नीट?" ताईनं आतून ओरडून विचारलं.

"हो, येतंय की," ते घाईनं म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "डोळे गेले, आता कानही चालले. ओरडलेलं तेवढं ऐकू येतं."

तेव्हापासून ते रोज माझ्यासमोर बसतात आणि ऐकल्यासारखं करतात. कुणाला दरडावत नाहीत. मला इतका संताप येतो, पण सांगू कुणाला?

मित्रांनो, यंत्र ज्याच्यासाठी असेल, त्याला समोर बसवूनच ते तपासा. आणि कुणीतरी आमच्या ताईला एवढं सांगा हो, आजोबांचे कान अगदी शाबूत आहेत.